उजव्या हाताची नखं

बारावीचे पेपर संपले हे मला वर्तमानपत्रातून कळत नाही, डोंबिवलीतल्या मानपाडा रोडवरच्या रिक्षाच्या रांगेत कळतं. कालपरवापर्यंत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलींच्या बोटांवर पेनाचे डाग असतात, नखं कुरतडलेली असतात, आणि मग एका संध्याकाळी तेच हात एकदम रंगीत होऊन येतात. कुणाची फिकट गुलाबी, कुणाची काळ्यावर सोनेरी ठिपके दिलेली, कुणाच्या पाच बोटांना पाच रंग. शेअर रिक्षाचा दांडा धरलेल्या त्या हातांकडे मी बघत बसतो.

"अहो, लोकांच्या पोरींच्या हातांकडे काय बघत राहता? एक दिवस मार खाल," असं सुनंदा, म्हणजे माझी बायको, दर वर्षी बजावते. मी तिला सांगतो की मी पोरींकडे बघत नाही, काम बघतो. रंग कातडीवर गेलाय का, दोन थर दिलेत की एकातच भागवलंय, ठिपका गोल उतरलाय की पसरलाय. सुनंदा कपाळाला हात लावते. साठीच्या माणसाने नेलपॉलिशवर मतं बाळगावीत हे तिला अजून पचलेलं नाही.

पण हा मोसम आला की मला करमत नाही, हे खरं. परीक्षा संपलेली असते, निकाल लागलेला नसतो. मधले हे दिवस मुलांना फुकट मिळालेले असतात. घराघरांतून कैऱ्या चिरल्याचा वास येतो, आमच्या मानपाड्याच्या हवेत एमआयडीसीचा तो रोजचा वेगळा वास मिसळतो, आणि माझ्या नाकाला उगाचच नेलपॉलिश रिमूव्हरचा वास यायला लागतो. मग पूर्वाची इतकी आठवण येते की मी बाल्कनीत जाऊन नुसता उभा राहतो.

पूर्वा ही आमची एकुलती एक. हैदराबादला एका इस्पितळात नर्स आहे. वर्षातून एकदोनदा येते. परवा तिचा फोन आला, शनिवारी येतेय म्हणाली, रविवारी संध्याकाळी परत. सुनंदाने लगेच सोलकढी, मोदक, कोलंबी असं सगळं एकाच रविवारात बसवायला घेतलं. माझी मागणी त्या मानाने लहान आहे. मला त्यातला एक तास हवाय. तिचा उजवा हात माझ्या हातात आहे आणि ती काहीतरी बोलतेय, असा एक तास.

बोलतेय हे महत्त्वाचं. कारण फोनवर आमचं जे चालतं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. "कशी आहेस?" "मजेत." "जेवलीस?" "हो." "ड्यूटी?" "चाललीय. आई आहे का जवळ?" की मी फोन सुनंदाकडे देतो. पूर्वाच्या आवाजावरून मला काही कळत नाही. मजेत म्हणते तेव्हा ती खरंच मजेत असते की नुसतं म्हणते, हे मला एका वर्षी तिच्या बोटांवरून कळायचं.

ते वर्ष तिच्या बारावीचं. पेपर संपले आणि त्याच आठवड्यात चिपळूणहून निरोप आला की सुनंदाची आई पडली, खुबा मोडला. सुनंदा माहेरी गेली ती पावसाच्या तोंडावर परत आली. तेवढे दिवस घरात आम्ही दोघंच, मी आणि अठरा वर्षांची मुलगी. लहानपणी माझ्या खांद्यावरून न उतरणारी पोर मोठी होता होता आईच्या बाजूला कधी सरकली ते मला कळलंही नव्हतं. पाणी आलं का, गॅस बंद केलास का, आईचा फोन आला का, एवढ्यावर आमचा दिवस निघायचा. मी आमटी करायचो, ती भात लावायची, आणि दोघं टीव्हीकडे बघत जेवायचो.

आमच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, आणि शुक्रवारीच आमच्याकडे दुपारची लाइटही जाते. असाच एक शुक्रवार. पंखा बंद, मी घामाघूम, आणि पूर्वा मात्र जमिनीवर जुना पेपर पसरून मजेत बसलेली. समोर दोनतीन बाटल्या, केसांची पिन, टूथपिक, सेलोटेप. मला नंतर कळलं की ती पंखा बंद व्हायचीच वाट बघत होती. वारा असला की रंग नीट बसत नाही, ब्रशला तार सुटते. डाव्या हाताची नखं तिने गेरूच्या रंगाने रंगवली होती आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकेक बाई नाचायला लावली होती, वारली चित्रात असते तशी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर डोक्याचा ठिपका, हातापायाच्या काड्या. काम चांगलं होतं.

मग उजव्या हाताची पाळी आली. डाव्या हातात ब्रश धरून तिने सुरुवात केली आणि रंग नखावर कमी, बोटावर जास्त गेला. पुसलं. परत लावलं. बाईचे हातपाय चिखलात फेंगाडल्यासारखे झाले. परत पुसलं. मी पन्नाशी ओलांडली होती तरी ही साधी गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती की डावा हात माणूस स्वतःचा स्वतः रंगवू शकतो, उजव्याला दुसरं कोणीतरी लागतं. हे दुसरं कोणीतरी म्हणजे इतकी वर्षं सुनंदा होती, आणि ती तर चिपळूणला.

तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर पूर्वा उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि उजवा हात टीपॉयवर ठेवला. "बाबा, तुम्हाला जमेल?"

मी तेव्हा ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरीला होतो. ड्राफ्ट्समन. उमेदीच्या काळात आम्ही वर्तकनगरला राहायचो आणि मी चालत कारखान्यात जायचो, दिवसभर ट्रेसिंग पेपरवर शाईने यंत्रांचे सुटे भाग काढायचो. रेघ मारताना श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा, ही आमची पद्धत. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची, तीसुद्धा कागद न फाडता. मग कॉम्प्युटर आले. मीही शिकलो, त्यावरही ड्रॉइंग काढली, पगार चालू राहिला. पण त्या हाताला काही काम उरलं नाही. कोणी तो हात मागेल असं मला वाटलंच नव्हतं, आणि पूर्वाने मागितला तेव्हा मला इतका आनंद झाला की चहाचा कप अर्धा तसाच ठेवून मी चष्मा शोधायला उठलो.

तिला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम. मी टूथपिकचं टोक आधी ब्लेडने पेन्सिलीसारखं तासून घेतलं. टीपॉय खिडकीत नेला, उजेड डावीकडून हवा म्हणून. मग तिचं बोट धरून नखाचा मध्य कुठे येतो ते बघत बसलो.

"बाबा, नेलपेंट आहे हो ते. मशीनचा पार्ट नाही."

"मध्य सापडल्याशिवाय बाई सरळ उभी राहायची कशी?"

"राहू दे ना थोडी वाकडी. नाचतेय ती."

मी ऐकलं नाही. आधी नखाच्या मधोमध एक पट्टा ओढायचा, मग दोन्ही बाजूंना एकेक, आणि कातडीपाशी केसाएवढी जागा सोडायची, हे तिने एकदा दाखवलं आणि मला लगेच पटलं. रंग सुकेपर्यंत थांबलो. मग श्वास धरून एकेक त्रिकोण. पाचही बोटांवर पाच बाया उभ्या केल्या तेव्हा माझी मान भरून आली होती, पण मनात म्हटलं, असं काम डोंबिवलीत दुसरीकडे मिळणार नाही.

पूर्वाने हात स्वतःकडे वळवून बघितला. मग डावा हात शेजारी धरला. आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना.

"बाबा! ह्या सगळ्या शीर्षासन करतायत!"

खरंच करत होत्या. मी तिच्या समोर बसून काढलेल्या बाया मला सरळ दिसत होत्या, म्हणजे तिला उलट्या. डाव्या हातावर तिने स्वतः काढलेल्या बाया बोटाच्या टोकाकडे डोकं करून नाचत होत्या आणि माझ्या पाचही जणी डोक्यावर उभ्या. आयुष्यभर कुठल्या बाजूने बघितलं की वस्तू कशी दिसते ह्याच हिशोबावर पोट भरलं, आणि नखाएवढ्या कागदावर ही चूक. मी घाईघाईने रिमूव्हरची बाटली उचलली, तर तिने हात मागे घेतला. "अजिबात नाही. राहू दे असंच." पुढचा आठवडाभर ती एका हाताने सरळ आणि एका हाताने उलटी अशी हिंडली. मैत्रिणींना दाखवताना मी ऐकलं, "माझ्या बाबांनी काढलंय." आवाजात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती.

पुढच्या शुक्रवारी लाइट गेली आणि मी आपणहून चष्मा घेऊन आलो. या वेळी समोर न बसता दिवाणावर तिच्या शेजारी बसलो. तिचा हात माझ्या काखेखालून पुढे घेतला, म्हणजे जे तिला सरळ तेच मला सरळ. चूक सुधारायची म्हणून केलेली ही सोय, पण त्याने वेगळंच काहीतरी झालं. शेजारी बसलं की एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही. शिवाय नखं ओली असली की माणूस अडकतो. मोबाइलला हात लावता येत नाही, उठून जाता येत नाही. "बाबा, नाक खाजवा ना," असं म्हणायची वेळ येते. मी नाक खाजवायचो, ती शिंकायची, मी ओरडायचो, "हात हलवू नकोस!" आणि मग करायला दुसरं काहीच नसल्यामुळे ती बोलायची.

काय काय बोलली ती त्या उन्हाळ्यात. केमिस्ट्रीच्या पेपरला अर्धा तास डोकं बंद पडलेलं ते. एक मैत्रीण हल्ली तोडून वागते ते. आईशिवाय घर कसं वाटतं ते. आठवीत असताना ती एकदा शाळेतून परत येताना हरवली होती आणि आम्हाला आजपर्यंत सांगितलंच नव्हतं, तेही. मी फक्त हं म्हणायचो, कारण श्वास धरलेला असायचा. लोक म्हणतात मी फार समजून घेणारा बाप आहे. खरं म्हणजे मी ठिपके काढत होतो.

आम्ही काय नाही करून बघितलं. टेपच्या पट्ट्या चिकटवून तिरप्या रेघा. पिनेच्या गोल टोकाने ठिपक्यांची फुलं. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून खालून वर फिका होत जाणारा निळा रंग. वाटीत पाणी घेऊन त्यात रंगाचे थेंब सोडायचे, काडीने ढवळून नक्षी करायची आणि बोट बुडवायचं, असाही एक प्रकार होता. त्या प्रकारात सुनंदाची पुरणाची वाटी कामी आली. वाटीच्या काठावर गुलाबी वळं बसलं ते घासून निघेना. सुनंदा परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिला ते दिसलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

मिरजेचं बोलणंही असंच निघालं. मी अनामिकेवर पांढरे ठिपके देत होतो.

"बाबा, मला नर्सिंगला जायचंय. मिरजेला."

माझ्या डोक्यात ठाण्याचं एखादं कॉलेज होतं, मग जवळपास नोकरी, संध्याकाळी घरी येणारी मुलगी. "मिरज लांब आहे," मी म्हटलं.

"हो."

"रात्रपाळ्या असतात."

"हो, माहितीय."

"दुसऱ्याचं सगळं काढावं लागतं, पूर्वा. घाणसुद्धा."

"आजीचं आई काढतेच आहे ना तिकडे."

करंगळी बाकी होती, ती पुरी केली. पुढच्या शुक्रवारी मीच विचारलं, "मिरजेला हॉस्टेल कसं असतं गं?" तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हात मात्र हलवला नाही.

ती निघाली त्या सकाळी मी तिची दोन्ही हातांची नखं रंगवली. डावा हात तिला स्वतःला येत होता, तरी तिने तोही पुढे केला. फिकट गुलाबी आणि प्रत्येक अंगठ्यावर पाच पाकळ्यांचं एक पांढरं फूल. सुनंदा डबा भरत होती, बॅगा दारात होत्या, आणि मला ते फूल संपूच नये असं वाटत होतं.

त्यानंतर तिची नखं मी कधी रंगवली नाहीत. सुट्ट्या चिमूटभर, त्यात नातेवाईक, आणि नर्सला नखं ठेवताच येत नाहीत, रंग तर दूरच. आता डोंबिवलीत गल्लीगल्लीत नखांची दुकानं झाली आहेत. दिव्याखाली हात धरून सुकवतात म्हणे, महिना महिना जात नाही. तिथे अनोळखी मुलगी तोंडाला मास्क लावून समोर बसते आणि सगळं सुलटं काढते. लांबच लांब नखं लावून मुली बाहेर पडतात. त्या नखांनी आमटीभात कालवायचा कसा हा प्रश्न मला पडतो, पण तो विचारायचा नाही अशी सुनंदाची ताकीद आहे.

मी काल स्टेशनजवळच्या दुकानातून एक बाटली आणली. दुकानदाराने "मॅट की ग्लॉसी, काका?" असं विचारलं आणि मी गोंधळून दोन्ही नको म्हणणार होतो. घरी येऊन सरावासाठी स्वतःच्याच डाव्या हाताचा अंगठा रंगवला. हात थोडा थरथरतो आता. श्वास धरला तरी थरथरतो. म्हणूनच मला तो तास याच खेपेला हवाय. शनिवारी लावायचं, सोमवारच्या आत पुसून टाकायचं, यात रोग्यांचं काय बिघडणार आहे?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग पूर्वा आली, आणि गेलीही.

शनिवारी ती जवळजवळ दिवसभर झोपली. रविवारी जेवणं झाल्यावर मी पेपर पसरला, बाटली ठेवली आणि दिवाणावर माझ्या शेजारची जागा झटकली. ती आली, बसली. हात पुढे केला नाही.

"बाबा, उद्या ऑपरेशन थिएटरला आहे मी. नखांवर काही चालत नाही."

"रात्री गाडीत पुसून टाक. रिमूव्हर देतो ना बरोबर."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. नखं मुळापर्यंत कापलेली, कातडी धुऊन धुऊन कोरडी पडलेली. "मिरजेला पहिल्याच दिवशी काढायला लावलेलं सिस्टरनी. सगळ्यांसमोर कापूस दिला हातात. ते फूल निघेना लवकर. मी रडलेले तेव्हा. तुम्हाला सांगितलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही काढलेलं मला नाही पुसायचं परत."

मी बाटली उचलून ठेवायला निघालो होतो. कोणी जीव लावून केलेली गोष्ट स्वतःच्या हाताने पुसायला लागणं काय असतं, ते मला चांगलं समजत होतं. आणि माझा तास गेला याचं वाईटही वाटत होतं, ते लपवता येईना. मग काय मनात आलं कोण जाणे, मी दिवाणावरून उतरलो, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि तिचा पाय ओढून घेतला.

"बाबा, काय करताय! पायाला हात नका लावू." तिने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला.

सुनंदा आतून आली. "अहो, उठा बघू. हे काय भलतंच?"

"चिखलात बरबटून यायची तेव्हा कोण धूत होतं हे पाय? आणि बुटांच्या आत कोण बघायला येतंय?"

पूर्वाने पाय सैल सोडला. तो मांडीवर घेतला आणि मी थांबलोच. किती वर्षांत मी तिचे पाय बघितलेच नव्हते. टाचांना भेगा पडलेल्या. घोट्यावर मोज्याचा वळ उठलेला, दोन दिवस घरी राहूनही न गेलेला. करंगळीचं नख बुटाने दाबून काळंनिळं झालेलं. पंचविशीच्या मुलीचे पाय असे नसतात. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. मधोमध एक पट्टा, मग दोन्ही बाजूंना एकेक. कडेला रंग लागत होता, तिने चूक काढली नाही.

"दुखतात का गं पाय?" मी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. फोनवर तेच येतं. मी ब्रश बाटलीत बुडवला.

"खूप," पूर्वा म्हणाली. "खूप दुखतात, बाबा."

आणि मग ती बोलायला लागली. सुनंदा तिथेच खाली बसली. मी दुसरा पाय मांडीवर घेतला.